ट्रॅक्टरचे चाक आणि गिअर : आकार बदलण्यापूर्वी करावयाचा हिशेब

ट्रॅक्टरचे मागील टायर झिजले म्हणजे शेतकरी तालुक्याच्या गावी जातो. तेथे दुकानदार त्यास हमखास विचारतो, "तोच नंबर द्यावयाचा की एक नंबर मोठा?" मोठे चाक दिसावयास भारदस्त असते, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही ते असते आणि किमतीत फरक फार नसतो. मग शेतकरी मोठा नंबर घेऊन परत येतो. या निवडीचे परिणाम मात्र पुढील सहा-सात वर्षे त्यास भोगावे लागतात. कोठे ते लाभाचे ठरतात, कोठे निरुपद्रवी, तर कोठे गिअरपेटी उघडण्याची पाळी येते. निवड करण्यापूर्वी अर्ध्या तासाचा हिशेब केल्यास हे टळू शकते. तो हिशेब कसा करावयाचा हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घ्यावे व शेतकऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावे, यासाठी हा लेख आहे.

मुख्य गोष्ट एकच आहे. ट्रॅक्टरचे चाक हे गिअरच्या साखळीतील शेवटचे चक्र होय. टायर बदलला की गिअरही बदलला असे समजावे.

चाक किती फेरे घेते?

सर्वसाधारण ट्रॅक्टरचे इंजिन काम करताना मिनिटास सुमारे २,००० फेरे घेते. एवढ्या वेगाने चाक फिरू लागले तर नांगर धरणार कोण? यास्तव इंजिन व चाक यांच्यामध्ये वेग कमी करणारी दातेरी चक्रे असतात. पहिली गिअरपेटीत असतात व ती दांड्याने बदलता येतात. त्यानंतर मागील आसात क्राऊन व पिनियन ही जोडी येते आणि शेवटी प्रत्येक चाकाजवळ आणखी एक घट असते. आसातील ही दोन्ही प्रमाणे कारखान्यात ठरलेली असतात. शेतकऱ्यास ती बदलता येत नाहीत.

उदाहरण घेऊ. १३.६–२८ या आकाराचे चाक एका फेऱ्यात जमिनीवर सुमारे ३.९ मीटर अंतर जाते. नांगरटीसाठी ताशी ४ किलोमीटर वेग हवा, म्हणजे मिनिटास ६७ मीटर. चाकाने मिनिटास १७ फेरे घ्यावयास हवेत. इंजिनाचे २,००० फेरे आणि चाकाचे १७, म्हणजे एकूण घट सुमारे ११७ पट झाली. त्याच ट्रॅक्टरने ऊस घेऊन ताशी २८ किलोमीटर वेगाने कारखान्याकडे जावयाचे तर चाकास मिनिटाला १२० फेरे घ्यावे लागतात व घट १७ पटीच्या आसपास उरते. गिअरच्या दांड्याजवळ कासव व ससा यांची चित्रे असतात, त्यांचा अर्थ हाच.

आता या ट्रॅक्टरला १३.६–२८ ऐवजी १४.९–२८ चाक बसविले असे समजा. नव्या टायरचा व्यास पहिल्याचा सुमारे १,३१० मिलिमीटर व दुसऱ्याचा सुमारे १,३६५ मिलिमीटर असतो. फरक चार टक्क्यांचा आहे. इंजिन तेच, गिअर तोच, तरी ट्रॅक्टर प्रत्येक गिअरमध्ये चार टक्के अधिक वेगाने धावेल आणि आसावर येणारा पीळ तोच राहिल्यामुळे चाकाच्या कडेशी मिळणारी ओढ चार टक्क्यांनी घटेल. जीपगाडीला मोठे टायर घालणारे हौशी लोक अशा वेळी कार्यशाळेत क्राऊन-पिनियनची जोडी बदलून घेतात व गेलेली ओढ परत मिळवितात. ट्रॅक्टरच्या मालकास ती सोय नाही. त्यास हा फरक गिअरपेटीतूनच भरून काढावा लागतो.

चार टक्के फरकाचा बाऊ करण्याचे कारण नाही. नांगरटीत ताशी ४ किलोमीटरचे ४.१६ झाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु १२.४–२८ वरून एकदम १४.९–२८ वर गेल्यास फरक आठ टक्क्यांहून अधिक होतो आणि तो फवारणीत जाणवतो. ट्रॅक्टरच्या मागील शाफ्टवर चालणारा फवारणी पंप चाकाच्या आकाराकडे पाहत नाही. तो मिनिटास ठरलेले पाणी टाकतो. ट्रॅक्टर आठ टक्के वेगाने पुढे गेला की एकरी औषध सात टक्क्यांहून अधिक कमी पडते. रोटाव्हेटरचेही तसेच आहे. पाती शाफ्टच्या ठरलेल्या वेगाने फिरतात, ट्रॅक्टर मात्र पुढे पळतो, आणि ढेकळे जाड राहतात. अशा वेळी पूर्वीचा गिअर तोंडपाठ असलेल्या चालकास नव्याने मोजमाप करावयास सांगावे.

टायरवरील आकडे

१३.६–२८ यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास दाखवितो. दोन्ही इंचांत असतात. १३.६ इंच म्हणजे साडेचौतीस सेंटीमीटर. पुढील आडव्या रेघेऐवजी 'आर' हे अक्षर असेल तर टायर रेडियल जातीचा आहे. तो दाबाखाली अधिक पसरतो व जमिनीवर मोठा ठसा उमटवितो. नंबर तोच असला तरी एका फेऱ्यात तो साध्या टायरइतकेच अंतर जाईल असे नाही. म्हणून एका आसावर एक साधा व एक रेडियल अशी जोडी कधीही लावू नये. 'प्लाय' चा आकडा टायरची भार सोसण्याची ताकद सांगतो. बारा प्लायचा टायर आठ प्लायपेक्षा अधिक वजन पेलतो, पण तो जमीन अधिक घट्ट धरतो हा समज चुकीचा आहे.

टायरच्या बगलेवर बाणही असतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरते ती दिशा तो दाखवितो. मागे उभे राहून पाहिले असता टायरवरील उंच रबरी पट्ट्यांचे टोक वरच्या बाजूस असावे. तसे असल्यास पट्ट्यांचा मध्य जमिनीस आधी टेकतो व चिखल दोन्ही बाजूंस बाहेर फेकला जातो. पंक्चर काढताना डावे-उजवे टायर अदलाबदल झालेली ट्रॅक्टरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचे मालक जमिनीस दोष देत असतात.

ओढ कोठून मिळते?

अनेकांची समजूत अशी असते की, जितका खालचा गिअर घालावा तितकी ओढ वाढत जाते. कागदावर हे खरे आहे. ओढ किलोग्रॅममध्ये व वेग ताशी किलोमीटरमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करावा व त्यास २७० ने भागावे, म्हणजे अश्वशक्ती निघते. चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून नांगराशी पंचवीस अश्वशक्ती मिळते असे धरल्यास ताशी ५ किलोमीटर वेगाला १,३५० किलोग्रॅम, ४ किलोमीटरला सुमारे १,६९० आणि ३ किलोमीटरला २,२५० किलोग्रॅम ओढ निघावयास हवी.

परंतु शेतात असे घडत नाही, कारण ओढीची मर्यादा इंजिन ठरवीत नाही. ती चाकाखालची माती ठरविते. नांगरटीच्या घट्ट जमिनीत साध्या दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टर मागील चाकांवरील भाराच्या साधारण निम्म्याइतके ओढू शकतो, पोकळ जमिनीत याहूनही कमी. मागील चाकांवर नांगरासह १,६०० किलोग्रॅम भार असेल तर ओढ ८०० किलोग्रॅमच्या आसपास थांबते. त्यापुढे गिअर कितीही खाली आणला तरी चाक जागच्या जागी फिरते, रबर झिजते व डिझेल जळते. त्याच ८०० किलोग्रॅम ओढीला ताशी ५ किलोमीटर वेगाने अवघी पंधरा अश्वशक्ती लागते! उरलेले इंजिन बसून राहते. यावरून चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेऊनही 'नांगर ओढत नाही' अशी तक्रार का येते हे ध्यानी येईल. अशा ठिकाणी मोठ्या इंजिनाचा किंवा खालच्या गिअरचा उपयोग नाही. चाकाचा ठसा मोठा करावा, चाकावरील भार वाढवावा, अथवा अवजाराची रुंदी कमी करून एक गिअर वर चालवावे.

ठसा मोठा करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय टायरमधील हवा हा आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो त्यातील हवेच्या दाबाहून थोडाच अधिक असतो. हवा कमी केली की ठसा लांबतो आणि जमिनीत अधिक पट्ट्या रुततात. बहुतेक ट्रॅक्टरांच्या माहिती-पुस्तिकेत शेतकामासाठी मागील टायरमध्ये दर चौरस इंचास १२ पौंडांच्या आसपास हवा सांगितलेली असते व ट्रॉली ओढण्यासाठी याहून अधिक. आपल्याकडे होते असे की, उसाच्या हंगामात भरलेली हवा उन्हाळी नांगरटीपर्यंत तशीच राहते. शंभर रुपयांच्या दाबमापकाने जे काम होईल त्यासाठी मोठे टायर विकत घेतले जातात. मात्र पुस्तिकेतील आकड्याखाली हवा उतरवू नये. टायरची बगल दुमडून फुटते व रिमवर टायर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

भार वाढविण्यासाठी लोखंडी वजने किंवा टायरमध्ये पाणी वापरतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरले असता टायर पाऊण भरतो. १३.६–२८ टायरमध्ये असे दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून तीनशे किलोग्रॅम भार वाढतो. नांगरटीस हा उपयोगी आहे. पेरणीच्या वेळी तोच भार मातीस दाबतो, म्हणून नांगरट संपल्यावर पाणी काढून टाकावे. कंटाळ्याचे काम आहे खरे.

घसर मोजणे

चाक फिरते, पण तेवढे अंतर पुढे जात नाही. या वाया जाणाऱ्या फिरण्यास येथे घसर म्हटले आहे. ती मोजण्यास खडू व टेप एवढेच साहित्य लागते. ज्या शेतात काम चालू आहे तेथेच मागील टायरवर खडूने खूण करावी. अवजार उचलून ट्रॅक्टर चालवावा व चाकाचे दहा फेरे होईतो गेलेले अंतर मोजावे. नंतर त्याच गिअरमध्ये अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजावेत. समजा, रिकाम्या फेऱ्यांत ३९ मीटर व ओढीच्या फेऱ्यांत ३४ मीटर अंतर गेले. ५ मीटर वाया गेले, म्हणजे घसर सुमारे १३ टक्के झाली.

दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसर योग्य समजावी. अंतर २९ मीटरच भरले तर घसर पंचवीस टक्क्यांवर गेली, आणि चार एकर नांगरताना चाक पाच एकरांहून अधिक नांगरल्याइतके फिरले. उलट घसर पाच टक्क्यांखाली असेल तर ती शाबासकीची गोष्ट नव्हे. चाकांवर भार गरजेपेक्षा अधिक आहे व तो सारा ताण आसातील चक्रांवर पडत आहे असे जाणावे. थोडी घसर ही गिअरपेटीची ढालच असते. टायर बदलण्याचा विचार ही मोजणी केल्यावाचून करू नये, असा आमचा आग्रह आहे. घसर मर्यादेत असेल तर मोठ्या टायरवर खर्च करण्यास कारणच उरत नाही.

चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर

येथवर सांगितलेल्या गोष्टींत चूक झाली तर थोडे डिझेल व थोडे रबर जाते. चार चाकी ओढीच्या ट्रॅक्टरात मात्र आकाराची चूक लोखंडावर येते.

अशा ट्रॅक्टरात पुढची चाके लहान व मागची मोठी असतात आणि दोन्ही आस एकाच गिअरपेटीतून एका दांड्याने जोडलेले असतात. मागील चाकांचे दहा फेरे झाले की पुढील चाकांचे किती व्हावयाचे हे चक्रांच्या दातांनी कायमचे ठरविलेले असते. कारखाना हे प्रमाण असे ठेवतो की पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित अधिक, साधारणतः एक ते पाच टक्के, वेगाने जमीन कापू पाहतात. पुढच्या चाकांनी ट्रॅक्टर ओढावा व मागच्यांनी ढकलावा हा त्यामागील हेतू असतो.

हे प्रमाणही मोजता येते. मोकळ्या मऊ जमिनीवर पुढील ओढ काढून टाकून मागील चाकाचे दहा फेरे होऊ द्यावे व पुढील चाकाचे फेरे मोजावेत. समजा, ते १३ भरले. आता पुढील ओढ जोडून हेच करावे. समजा, १३.४ भरले. पुढील चाके तीन टक्क्यांनी आघाडीवर आहेत. सर्व ठीक आहे. आता मालकाने मागे १४.९–२८ ऐवजी १६.९–२८ टायर चढविले. मागील व्यास सुमारे पाच टक्क्यांनी वाढला. ओढ काढलेली असता पुढील चाक आता दहा फेऱ्यांस सुमारे १३.७ फेरे घेईल. ओढ जोडली की दात त्यास १३.४ फेरेच घेऊ देतील. पुढील चाके आता ओढत नाहीत, ती ब्रेक लावल्याप्रमाणे मागे खेचतात! मागील चाके ढकलतात, पुढील अडवितात, आणि मधल्या दांड्यास व दोन्ही आसांतील चक्रांस अखंड पीळ बसतो. स्टिअरिंग जड होते, पुढील टायरची नक्षी एका हंगामात उतरते आणि पुढील ओढ काढताना दांडा अडकतो. मालकाने मात्र अधिक ओढीसाठीच पैसे मोजलेले असतात.

मराठवाड्यातील एका गावी असाच एक ट्रॅक्टर आमच्या पाहण्यात आला. पुढील टायर 'बनावट' निघाले म्हणून मालकाने दुसऱ्या वेळी नवे घेतले होते. ओसरीवर झिजलेली पहिली जोडी टेकवून ठेवलेली होती. खडू आणून फेरे मोजले तेव्हा दोष टायरच्या जातीत नसून मागील जोडीच्या आकारात असल्याचे त्यास दिसले. तो काही वेळ बोललाच नाही. पुढील आसाच्या दुरुस्तीवर त्याने आधीच एका हंगामाची कमाई घातली होती.

यास्तव चार चाकी ओढीच्या ट्रॅक्टरात आकार बदलावयाचा असेल तर पुढील व मागील दोन्ही जोड्या, आणि त्याही कारखान्याने मान्य केलेल्या जोडीतच बदलाव्यात. झीजसुद्धा येथे आकाराइतकीच महत्त्वाची आहे. मीटरभर व्यासाच्या पुढील चाकाची नक्षी सव्वा सेंटीमीटर झिजली की व्यास अडीच सेंटीमीटरने, म्हणजे अडीच टक्क्यांनी, घटतो. अशा झिजल्या पुढील टायरांसोबत मागे नवे टायर घातले तर नंबर तेच असूनही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. त्याचप्रमाणे डांबरी रस्त्यावर पुढील ओढ काढून ठेवावी. मातीत चाके थोडी घसरून हा फरक मोकळा करतात, रस्त्यावर तशी सवड नसते.

जमीन व पीक पाहून निवड

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रुंद टायरचा मोह सर्वांत अधिक असतो. तेथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पलटी नांगर चालविताना एक चाक नांगराच्या तासात चालते. तास तीस-पस्तीस सेंटीमीटर रुंद आणि १६.९ इंची टायर त्रेचाळीस सेंटीमीटर रुंद असेल, तर टायर नुकतीच उलथलेली माती पुन्हा दाबीत जातो. नांगरटीचा अर्धा लाभ तेथेच गेला. दुसरी, सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटीमीटरवर असतात. १३.६ इंची टायर त्यांतून दोन्ही बाजूंस पाच-पाच सेंटीमीटर जागा ठेवून कसाबसा जातो. १६.९ इंची जाणारच नाही. आंतरमशागत व फवारणी ट्रॅक्टरने करणाऱ्याने रुंदीपेक्षा उंचीकडे लक्ष द्यावे. उंच चाकाचा ठसा लांबट पडतो व ते कमी शक्तीत पुढे सरकते.

रुंद टायरने जमीन मुळीच दबत नाही हेही खरे नव्हे. वरच्या थरातील दाब टायरच्या ठशावर अवलंबून असतो, परंतु खोल थरातील दाब एकूण भारावर. वाफसा येण्यापूर्वी शेतात शिरलेला जड ट्रॅक्टर कोणत्याही टायरवर खालची जमीन घट्ट करतोच.

कोकण, भंडारा, गोंदिया, गडचिरोली येथील भातखाचरांत चिखलणीसाठी नेहमीच्या टायरसोबत लोखंडी जाळीची चाके लावतात. ती लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नये. चिखलात खोल पट्ट्यांचे खास टायरही मिळतात, पण वर्षातील थोडे दिवसच चिखलणी असेल व उरलेले दिवस वाहतूक, तर ते रस्त्यावर लवकर झिजतात. नाशिककडील द्राक्षबागांत ओळींतील अंतरामुळे लहान ट्रॅक्टर व ८.३–२० सारखी अरुंद चाके वापरतात. तेथे बदलास वावच नाही. कोल्हापूर-सांगलीकडे वर्षाचे बहुतेक काम उसाच्या ट्रॉलीचे असते. तेथील मालकाने भार पेलणारा प्लाय व योग्य हवा यांकडे पाहावे. त्याने मोठे चाक घातले तर रस्त्यावरील वेग वाढतो, पण ब्रेक तेच असतात, आणि चढावर एक गिअर खाली यावे लागते.

नवा ट्रॅक्टर घेतानाच हा विचार झाला तर उत्तम. विक्रेत्याकडून प्रत्येक गिअरमधील वेगाचा तक्ता मागावा व तो कोणत्या टायरच्या आकारावर काढला आहे हे विचारावे. ताशी अडीच ते साडेपाच किलोमीटर या पट्ट्यात निदान तीन गिअर असावेत, कारण रोटाव्हेटर, नांगरट व पेरणी ही सर्व कामे तेथेच होतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते. तिच्या अहवालांत गिअरवार वेग, ओढ व चाचणीच्या वेळचे टायर यांची नोंद असते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या भागातील चार-पाच प्रचलित ट्रॅक्टरांचे अहवाल जवळ ठेवल्यास पुष्कळांचे काम होईल.

एवढे करूनही मोठा आकार घ्यावयाचे ठरल्यास दुकानातच रिमची रुंदी तपासावी. रुंद टायर अरुंद रिमवर फुगून बसतो व त्याची नक्षी मधोमधच झिजते. टायर व मडगार्ड, तसेच टायर व लिफ्टचे हात यांमध्ये बोटे जातील इतकी जागा पुरत नाही. चिकट काळी माती टायरला धरते, म्हणून निदान मूठभर जागा हवी. दोन्ही मागील टायर एकाच वेळी, एकाच जातीचे घ्यावेत. आणि चाके चढविल्यावर पहिल्या दिवसाचे काम संपताच सर्व नट पुन्हा आवळावेत. पहिल्या ओढीत ते थोडे सैल पडतात.